डाव्या पायाची उडी

मंगळवारी दुपारी मी एका माणसाला चाचणीत पास केलं आणि बुधवारी सकाळी त्याची फाईल पूर्ण करताना मला ते खटकलं.

तो माणूस लाँचवरचा खलाशी. आठ महिन्यांपूर्वी लाँचवाले विरुद्ध धक्क्यावरचे असा फुटबॉलचा सामना झाला, त्यात त्याचा उजवा पाय जमिनीला चिकटून राहिला आणि बाकीचा माणूस वळला. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं. महिनाभराने शस्त्रक्रिया झाली. त्याच्याच मांडीमागची एक दोरी काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली, आणि तेव्हापासून तो आठवड्यातून तीनदा आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येत होता. आमचं केंद्र म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन हॉल, एक लांबट खोली आणि मोठ्या मॅडमची केबिन. मोठ्या मॅडम केंद्र चालवतात. मी त्यांच्या हाताखाली दुसऱ्या वर्षी काम करते, त्यामुळे मी छोट्या मॅडम. खलाशी मात्र मला डॉक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

त्याचं काम थोडक्यात असं. लाँच धक्क्याजवळ आली की हातात दोर घेऊन काठावर उभं राहायचं, मधलं पाणी पुरेसं अरुंद झालं की उडी मारून धक्क्यावर उतरायचं आणि दोर खुंटाला अडकवायचा. दिवसाला अशा चाळीस उड्या. कंपनीचं नवीन वेळापत्रक पुढच्या आठवड्यात सुरू होणार होतं आणि त्यांनी त्याला स्पष्ट कळवलं होतं: शनिवारपर्यंत फिट असल्याचा अर्ज भरून आणा, नाहीतर तिकीट खिडकीत कायमची बदली.

खिडकीत त्याची मोठी बहीण बसते. तिला तो ताई म्हणतो, म्हणून केंद्रातले सगळेच ताई म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन महिने तीच त्याला रिक्षातून आणायची. पुढे तो एकटा चालत येऊ लागला तरी तिने येणं सोडलं नाही.

"खिडकीत काय वाईट आहे?" ती त्याला माझ्यासमोर विचारायची. "पंखा आहे, खुर्ची आहे, मी आहे."

"तू आहेस हेच," तो म्हणायचा. "आणि तिथून माणसांचे फक्त हात दिसतात. दिवसभर हात बघून काय करू?"

मंगळवारची चाचणी साधी आहे. एका पायावर उभं राहायचं, पुढे जमेल तितकी लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि दोन आकडे मोजेपर्यंत न डळमळता थांबायचं. टाच जिथे टेकली तिथपर्यंत टेपने अंतर मोजायचं. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यातली सगळ्यात लांब धरायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या किमान नव्वद टक्के हवी. प्रत्येक माणसाची उंची वेगळी, वजन वेगळं, दम वेगळा, पण त्याचा दुसरा पाय त्याच्याच जातकुळीचा. म्हणून माप बाहेरचं न घेता त्याचं त्यालाच लावायचं. मला ही कल्पना कॉलेजात पहिल्यांदा कळली तेव्हा फार आवडली होती.

उजवा, म्हणजे दुखरा पाय: एकशे बावीस सेंटीमीटर. डावा: एकशे बत्तीस. भागाकार केला, ब्याण्णव टक्के.

"शंभरातले?" ताईने विचारलं.

"हो."

"शाळेत कधी पस्तिशी ओलांडली नाही याने. एकदा तपासून घे."

ती गमतीने म्हणाली. पण बुधवारी मी खरंच तपासलं.

मोठ्या मॅडमची एक पद्धत आहे. शस्त्रक्रिया ठरलेला माणूस आला की त्या आधी त्याचा चांगला पाय मोजायला लावतात. दुखणारा नाही, चांगला. मांडीचा घेर, जोर, उडी, सगळं. तो कागद फाईलच्या शेवटच्या पुठ्ठ्याला टाचणीने लावून ठेवायचा. "हा दिवस परत मिळत नाही," असं त्या सांगतात. शस्त्रक्रियेनंतर माणूस महिनोन्‌महिने कमी हलतो आणि चांगला पायही हळूहळू खाली येतो. मग खाली आलेल्या पायाशी तुलना करून दुखरा पाय उगाच शहाणा दिसतो. मला ही पद्धत पटत होती, पण खरं सांगायचं तर तो पुठ्ठ्यावरचा कागद मी क्वचितच उलटून बघत असे.

बुधवारी उलटला. शस्त्रक्रियेआधी डाव्या पायाची उडी: एकशे एक्कावन्न, एकशे अठ्ठावन्न, एकशे शेहेचाळीस.

एकशे अठ्ठावन्न आणि मंगळवारी एकशे बत्तीस. चांगल्या पायाने सव्वीस सेंटीमीटर कुठे घालवले?

मी मधल्या चाचण्यांचे कागद काढले. पाचवा महिना: उजवा एकशे एक, डावा एकशे तेहेतीस. सहावा महिना: उजवा एकशे बारा, डावा एकशे एकतीस. सातवा: उजवा एकशे बावीस, डावा एकशे बत्तीस. उजवा पायरी-पायरीने वर चाललेला आणि डावा जागच्या जागी. टक्केवारी वाढत होती म्हणून मी खूश होते आणि भागाकाराच्या खाली काय चाललंय हे मी पाहिलंच नव्हतं.

मी फाईल घेऊन केबिनमध्ये गेले. मोठ्या मॅडम निवलेला चहा पीत होत्या. त्या तो नेहमी निवूनच पितात, कारण गरम असताना कुणी ना कुणी आत येतं.

"डावा पाय अशक्त झालाय," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे की वाटतंय?"

"वाटतंय."

"मग एकच कशाला? आणखी काय काय असू शकतं, लिहून आण."

मी तिथेच उभ्या उभ्या दोन शक्यता सांगितल्या. एक, वापर कमी झाल्यामुळे डावा पाय खरंच अशक्त झाला. दोन, खलाशी मुद्दाम कमी उडी मारतोय. डावी उडी जितकी लहान, तितकी टक्केवारी मोठी.

"दुसरी सांगताना आवाज का खाली गेला तुझा?" मॅडमनी विचारलं.

"मला तो लबाड वाटत नाही."

"हे पुन्हा वाटणंच झालं," त्या म्हणाल्या.

दुपारी खलाशी व्यायामाला आला तेव्हा मी टेप आणि जोर मोजायचं यंत्र घेऊन तयार होते. डाव्या मांडीचा घेर पहिल्या कागदावर होता तितकाच, अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. यंत्रावर त्याने गुडघा सरळ करत जोर लावला, आकडा आधीपेक्षा किंचित जास्तच आला. उजव्याचा जोर मात्र डाव्याच्या ऐंशी टक्केच होता. म्हणजे पहिली शक्यता गेली. डावा पाय ठणठणीत होता. उलट जोरात ऐंशी असलेला उजवा पाय उडीत ब्याण्णव कसा, हा नवा प्रश्न उभा राहिला.

राहिली दुसरी शक्यता. मी जरा वळसा घालून विचारलं. "ही टक्केवारी आपण कशी काढतो, तुम्हाला माहीत आहे ना?"

"तुम्ही काढता, माहीत असायचं तुम्हाला," खलाशी म्हणाला. "मला वाटलं दोन्ही पायांचे मार्क मिळवता."

बाकावर बसलेल्या ताईने मान वर केली. तिला माझा वळसा लगेच कळला. "अगं, माझा भाऊ लबाड आहे. लहानपणी माझ्या वाटणीचं खाऊन भांडं विसळून ठेवायचा. पण भागाकार करून लबाडी करेल इतका हुशार नाही."

"बघा, आपलीच माणसं," तो मला म्हणाला आणि सायकल मारायला गेला.

मला हसू आलं. पण ताईचं म्हणणं हा काही पुरावा नव्हता, म्हणून मी तिन्ही महिन्यांच्या सुट्या नोंदी पुन्हा समोर मांडल्या. आतापर्यंत मी फक्त सर्वात लांब उडी बघत होते. आता तिन्ही पाहिल्या. मंगळवारी डाव्याच्या: एकशे बत्तीस, एकशे बत्तीस, एकशे एकतीस. त्याआधी एकशे एकतीस, एकशे तीस, एकशे एकतीस. त्याच्याही आधी एकशे तेहेतीस, एकशे एकतीस, एकशे बत्तीस.

असं कधी होत नाही. माणूस सगळा जीव लावून उडी मारतो तेव्हा आकडे विखुरतात. एक चांगली पडते, एक फसते, एकात हात उशिरा फिरतो. शस्त्रक्रियेआधीच्या त्याच्या उड्यांत बारा सेंटीमीटरची तफावत होती. आता नऊ उड्या आणि सगळ्या चार बोटांच्या आत. आणि तेव्हा मला आठवलं, तो उतरायचाही कसा, तर बशीत कप ठेवावा तसा. जराही न डुलता. मी त्या स्थिर उतरण्याचं प्रत्येक वेळी कौतुक करत आले होते.

मुद्दाम कमी उडी मारणाराही इतका अचूक कसा असेल? दर महिन्याला येऊन, न मोजता, त्याच जागी?

तो अचूकपणा कुठून आला असेल ते बघायला जागा एकच होती. गुरुवारी माझी ड्यूटी अकराला सुरू होते. मी आठ वाजता धक्क्यावर गेले.

धक्का लांब, दगडी, एका टोकाला उतरता. काठाला हातभर रुंदीची पिवळी पट्टी रंगवलेली, प्रवाशांनी तिच्या मागे उभं राहावं म्हणून. तिकीट खिडकी काठापासून पंधरा पावलांवर. ताईने मला पाहिलं आणि खिडकीतूनच हात केला.

"तिकीट?"

"नाही, नुसतं बघायला आले."

"काय?"

"उडी."

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मागच्या दारातून एक स्टूल बाहेर सरकवलं. "बस. सव्वाआठची येईलच. भरपूर उड्या आहेत."

भावाच्या जागी बदलीवर एक पिकल्या मिशांचा खलाशी होता, निवृत्तीला आलेला. लाँच वळली, इंजिनाचा आवाज उतरला, मधलं पाणी अरुंद होत आलं. म्हाताऱ्याने घाई केली नाही. तो दोर कोपरात घेऊन काठावर नुसता उभा होता, बस थांब्यावर उभं राहावं तसा. मग पाय उचलला आणि तो धक्क्यावर होता. उडी म्हणावं असं काही दिसलंच नाही. पिवळ्या पट्टीच्या जेमतेम पलीकडे बूट टेकला, तिथून दोन पावलं, दोर खुंटावर.

तीच लाँच पलीकडे जाऊन परत येत होती; मी तिच्या सहा खेपा पाहिल्या. कधी मधलं अंतर जास्त होतं, कधी कमी, एकदा लाँच तिरकी आली. बूट प्रत्येक वेळी तिथेच. त्याच्या ओल्या बुटांचे ठसे एकावर एक पडून एकच गडद ठसा झाला होता. गर्दी ओसरल्यावर मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. पिवळ्या पट्टीला लागून, बुटाएवढ्या जागेत, दगड झिजला होता. हात लावला तर उथळ खळगा लागला, घराच्या उंबऱ्याला असतो तसा.

"अर्धा आमच्या भावाचा आहे तो," ताई मागे येऊन उभी होती. "बारा वर्षांत त्याने घासलाय."

"ते लांब उडी कधीच मारत नाहीत?"

"लांब कशाला मारायची? पलीकडे काय ठेवलंय?" तिने बोट दाखवलं. "काठावर पाय पडला तर ओलं, निसरडं. लांब गेलं तर खुंट, दोर, लोकांचे पाय. पट्टी ओलांडायची आणि थांबायचं. अंतर किती का असेना, उतरायचं इथेच."

मी त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिले, आणि मला आमच्या लांबट खोलीतली निळी पट्टी दिसली.

ती मीच लावली होती. पाचव्या महिन्यात, पहिल्या चाचणीच्या दिवशी. उजवा पाय उडी मारायला कचरत होता म्हणून मी जमिनीवर एकशे तीस सेंटीमीटरवर निळी चिकटपट्टी लावून म्हटलं होतं, "हे तुमचं लक्ष्य, इथवर पोचायचंय." उजव्याला ती अजून गाठता आली नव्हती, त्यामुळे त्याच्या उड्या खऱ्या होत्या, विखुरलेल्याही होत्या. डाव्याने मात्र ती पहिल्याच दिवशी ओलांडली होती, एका बोटाने. आणि नंतर प्रत्येक वेळी, एका बोटाने. मी त्याच्यासमोर धक्का बांधून ठेवला होता आणि जमेल तितकी लांब उडी मारा असं तोंडाने सांगत होते.

अकराला मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी फाईल बघितली, सगळे आकडे बोटाने एकेक करत वाचले. "चूक छान आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हे कौतुक असतं, पण चूक माझी होती, त्यामुळे मला नीट आनंद होईना.

"एकशे बावीसला एकशे अठ्ठावन्नने भागलं तर सत्याहत्तर येतात," मी म्हटलं. "तेच लिहायचं?"

"अर्जावर त्या दिवसाचं माप मागितलंय. सात महिन्यांपूर्वीच्या कागदावरून फक्त शंका येते. आकडा त्याच्या पायातून यायला हवा."

"मग उद्या पट्टी काढून पुन्हा घेते. त्याला काही न सांगता. सांगितलं तर माप बिघडेल."

मॅडमनी कप खाली ठेवला. "माप बिघडेल, खरंय. पण त्याला न सांगता उडी मारायला लावलीस, आणि त्या उडीने त्याचं काम गेलं, तर? प्रयोग तुझा असेल, गुडघा त्याचा आहे."

शुक्रवारी सकाळी मी पट्टी नखाने सोलून काढली. तिच्याखाली जमिनीवर चिकट, मळकट रेघ राहिली, ती फडक्याने पुसूनही पूर्ण गेली नाही.

खलाशी आत आला, मागून ताई. त्याने चपला काढल्या, जमिनीकडे पाहिलं आणि नमस्कारही न करता विचारलं, "पट्टी कुठे गेली?"

मला हवं होतं ते उत्तर मिळालं. तरी मी विचारलं, "मंगळवारी डाव्याने उडी मारताना कुठे बघत होता?"

"पट्टीकडे. का?"

"जमेल तितकी लांब मारा, असं सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण पट्टी तुम्हीच लावली होती. म्हटलं, बोलायचं म्हणून बोलतात, उतरायचं इथे."

मी त्याला खुर्ची दिली आणि फळ्यावर सगळं मांडलं. उजव्याचा आकडा वर, डाव्याचा खाली. खालचा आकडा वाढला की उत्तर कसं कमी होतं, ते दोन उदाहरणं करून दाखवलं. त्याने मध्ये एकदाही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे आज डाव्याने चांगली मारली की मी नापास."

"हो."

"आणि मंगळवारसारखी मारली की पास."

"पास. अर्जावर ब्याण्णवच लिहावे लागतील. खाली मी माझी शंका लिहीन, पण कंपनी आकडा वाचते, शंका वाचत नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतेय."

"आणि पास होऊन गेलो तर?"

"तर उजवा पाय अजून कच्चा आहे आणि तुम्ही त्याला दिवसातून चाळीस वेळा ओल्या दगडावर टाकणार. नवं लिगामेंट तुटायची शक्यता वाढते. तुमच्या बाबतीत नेमकी किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

तो उजव्या गुडघ्यावरचा व्रण अंगठ्याने चोळत बसला. मी उगाच फळा पुसला. पुसता पुसता विचारलं, "तिकडे लाँच कधी फार लांबच राहिली तर काय करता? तेव्हा तरी जोरात मारावी लागत असेल ना?"

"तेव्हा मी उडीच मारत नाही," तो म्हणाला. "दोर फेकतो."

"कुणाकडे?"

"धक्क्यावर दोर झेलणारा असतो त्याच्याकडे."

"मला दिसला नाही कुणी."

"दोन वर्षांपासून जागा रिकामी आहे. कोणीतरी प्रवासी झेलतो. नाहीतर ताई खिडकी बंद करून येते आणि मला शिव्या घालत झेलते."

एरवी ताईने इथे काहीतरी ऐकवलं असतं. आज ती पर्स मांडीवर धरून बाकावर अगदी सरळ बसली होती. तो उठून, जिथून उडी मारायची त्या छोट्या मॅटवर उभा राहिला, डाव्या पायावर, आणि समोरच्या मोकळ्या जमिनीकडे बघत राहिला.

"कुठे उतरू?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "तेच बघायचंय."

त्याने पाय खाली टेकवला. "ताई, बोल ना काहीतरी. ऑपरेशनच्या आधी मोजलं तेव्हा बोलली होतीस."

"काय बोलली होते?" ताईने विचारलं.

"म्हणालीस, याच्याने होणार नाही. म्हणून तर मारली होती."

"आज मी नाही बोलणार." तिचा आवाज एकदम कोरडा होता. "मला तू खिडकीत हवा आहेस, सगळ्यांना माहीत आहे. मी चिडवायचं आणि तू माझ्या चिडवण्याने नापास व्हायचं, हे मला नको. तुझं तू बघ."

तो मग पुन्हा एका पायावर उभा राहिला. मी टेप धरून भिंतीला टेकले. त्या क्षणी आकडा काय यावा असं मला वाटत होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. एवढंच माहीत होतं की एकशे बत्तीस आला तर मला तो लिहावा लागेल.

पहिली उडी एकशे एकोणपन्नास. त्याने उतरल्यावर खाली पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी त्याला तिथे आणून ठेवलं होतं. दुसरी एकशे सत्तावन्न. तिसऱ्या वेळी त्याने हात मागे नेले, गुडघा खोल वाकवला, आणि उतरला तो डुलतच. हात गोल गोल फिरले, डंबेलच्या रॅकवर जातोय असं वाटून मी अर्धी पुढे सरकले. पण तो थांबला. एक, दोन.

एकशे एकसष्ट.

मग उजवा. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे वीस. मंगळवारी होता तसाच. मी भागाकार केला आणि आकडा त्याला फळ्यावर दाखवला. पंच्याहत्तर पूर्णांक आठ.

तो आकड्याकडे बघतच नव्हता. मॅटच्या कडेपासून एकशे एकसष्टपर्यंतच्या मोकळ्या जमिनीकडे बघत होता. "एवढा जातो हा," तो म्हणाला. "जन्मापासून एका घरात राहतोय, कधी बोलला नाही."

ताईने पर्स उघडली, आत काही न शोधता बंद केली. "उद्या ये मग. पंखा तुझ्या बाजूला वळवते."

"उद्या नाही," खलाशी म्हणाला. "दोर झेलायची जागा रिकामी आहे ना? त्यात उडी नाही. उभं राहायचं, झेलायचं, बांधायचं. डॉक्टर, तेवढं चालेल का या गुडघ्याला?"

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी त्याला खाली बसवलं, उठवलं, खुंटाच्या उंचीच्या स्टुलाशी वाकायला लावलं, दोराऐवजी रबराचा पट्टा ओढायला लावला. "चालेल," त्या म्हणाल्या. "दहा आठवडे. मग पुन्हा चाचणी."

"अर्ज मी लिहिते," ताई म्हणाली. "त्या ऑफिसात कुठल्या टेबलावर ठेवला की हलतो, ते मला माहीत आहे." आणि मग भावाकडे न बघता, "खिडकीपासून पंधरा पावलं आहे ती जागा. हाक मारली की ऐकू येतं."

अर्जासोबतचं पत्र मी लिहिलं. आधीच्या तीन चाचण्यांत जमिनीवर खूण असल्यामुळे डाव्या पायाचं माप कमी आलं आणि ती खूण मी लावली होती, असं एक वाक्य घातलं. वाटलं, मॅडम ते खोडतील. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम सरकवला आणि सही केली.

शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. कंपनीने दहा आठवडे दिले होते, एक दिवसही जास्त नाही. त्यानंतर नव्वद आले तर लाँच, नाही आले तर खिडकी. "पहिला दोर त्याने सोडला," तिने सांगितलं. "सवय नाही ना, फेकायचीच सवय. अख्ख्या धक्क्यासमोर पाण्यात गेला. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या."

सोमवारी तो व्यायामाला आला तेव्हा तळहातांना दोराचे लाल वळ होते. त्याने पहिला प्रश्न विचारला, "उजव्याला किती लागतील?"

"एकशे पंचेचाळीस. डावा एकशे एकसष्टवरच राहिला तर."

"तो राहतो का बघा, आता कळलंय त्याला." तो मॅटवर उभा राहिला आणि थबकला. पुढे जमिनीवर ती चिकट, मळकट रेघ अजून दिसत होती.

"नवीन पट्टी लावून देऊ? एकशे पंचेचाळीसवर?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं तो काय म्हणतो.

"नको. लावलीत तर तिथेच उतरेन."

मग त्याने वाकून मॅट उचलली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. तिकडची जमीन कोरी होती. उजव्या पायाची पहिली उडी एकशे एकोणीस पडली, दुसरी एकशे सव्वीस, तिसरी फसली, एकशे तेरा. मी तिन्ही आकडे लिहून घेतले. ते एकमेकांपासून चांगले लांब लांब होते.